कढीलिंबापासून सुरुवात: वसंतात अळ्या, फुलपाखरं आणि पतंग कसे बघायचे, कसे नोंदवायचे

गॅलरीतल्या कढीलिंबावर पक्ष्याची शीट पडलीय असं समजून एकदा मी ओलं फडकं घेऊन पानं पुसायला गेले. फडकं टेकलं आणि त्या शिटेनं मान वर केली, डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर काढली आणि आंबूस, उग्र वास सोडला. लाइम बटरफ्लायची अळी होती ती. त्याआधीचे सहा महिने मी दर रविवारी टेकडीवर फुलपाखरांमागे पळत होते, आणि हाती काय आलं होतं, तर अर्ध्या पंखाचे धूसर फोटो. इथं मात्र चार पावलांवर, फोडणीच्या पानांवर, अख्खं आयुष्य चाललेलं होतं.

तेव्हापासून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी सांगते, की आधी झाड ओळखा, फुलपाखराचं नंतर बघू. मादी अंडी वाटेल तिथे घालत नाही. पानावर बसून ती पायांनी चव घेते, आणि पिल्लांना चालणारं पान असेल तरच अंडं चिकटवते. ते झाड तुम्हाला माहीत असेल, तर फुलपाखरू आपण होऊन तुमच्याकडे येणार.

वसंतच का?

आपल्याकडे फुलपाखरांचा भर हंगाम पावसाळा सरतानाचा, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. पण तेव्हा नवशिक्याची त्रेधा उडते. सगळीकडे हिरवं, सगळीकडे काहीतरी उडतंय, कुठं बघावं कळत नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात रान वाळलेलं असतं, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि कोवळी पालवी फुटते ती मोजक्याच झाडांना. जो काही कारभार चालतो, तो त्या पालवीवर आणि जिथं थोडी ओल उरलीय तिथं. म्हणजे शोधायची जागा आपोआप लहान होते. शिकायला याहून सोयीचा काळ नाही असं माझं मत आहे. पावसाळ्यानंतरच जा म्हणणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील, त्यांचंही ऐकून घ्या.

सामान

मोबाइल, एक वही, पेन्सिल. पेनची शाई घामानं आणि पाण्यानं पसरते, पेन्सिल टिकते. जमलं तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, अंडी बघायला त्याची गंमत वेगळीच आहे. जाळी घेऊ नका. नोंदीला फोटो पुरतो. शिवाय अनेक जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही पकडणं हा सरळ गुन्हा आहे.

पहिली पायरी: सहा झाडं पाठ करा

पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत कुठंही, घरापासून दहा मिनिटांच्या चालीत यातली तीन-चार तरी सापडतात.

कढीलिंब आणि लिंबू. लाइम आणि कॉमन मॉरमॉन या दोघांच्या अळ्या इथं मिळतात. अंडं मोहरीहून लहान, पिवळसर, गोल, कोवळ्या पानावर एकेकटं. अळी लहानपणी शिटेसारखी दिसते आणि शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तेव्हा ती चारेक सेंटिमीटरची असते आणि एका दिवसात फांदी साफ करते. कोष करताना कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधून घेते. उन्हाळ्यात अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत उरकतो.

रुई. पडीक जागा, रेल्वेचा रूळ, मारुतीचं देऊळ, कुठंही. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट, उभ्या रेघांचं अंडं दिसलं तर ते प्लेन टायगरचं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ती लपत नाही, कारण रुईतलं विष अंगात साठवून बसलेली असते. पान खुडू नका, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

कण्हेर. पानाखाली चकचकीत चंदेरी-सोनेरी, अगदी आरशासारखं काही लटकलेलं दिसलं, तर तो कॉमन क्रोचा कोष. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणीतरी दागिना टांगून ठेवलाय असंच वाटतं. कण्हेरही विषारी आहे, हाताळलीत तर हात धुवा.

बहावा. चैत्रात पानं झडून नवी येतात, फुलांचे घोस लागतात, आणि फिकट पिवळे-पांढरे कॉमन एमिग्रंट या झाडाभोवती घिरट्या घालतात. मादी कोवळ्या पानावर टेकते, पोट वाकवते, उडते, पुन्हा टेकते. ती जिथं टेकली ती फांदी लक्षात ठेवा. लहान चणीचं, उभं, पांढरं अंडं तिथं असतं.

सोसायटीच्या कुंपणाला ओळीनं लावलेला उंच, सरळसोट अशोक. हा सीतेच्या वनातला अशोक नव्हे, पण टेल्ड जे नावाच्या हिरव्या ठिपक्यांच्या, अंगात विजेचा झटका भरल्यासारख्या फुलपाखराला तोच हवा असतो. सोनचाफा आणि सीताफळही चालतात. अळी बघायची तर खालच्या फांद्यांची कोवळी पानं तपासा.

आणि आंबा. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी अशी बसते, की मधल्या शिरेवर तिच्या पाठीवरची फिकट रेघ बरोबर येते आणि दोन्ही अंगांना पिसांसारखे काटे पानावर पसरतात. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी त्या पानाकडे निदान पाच मिनिटं बघत होते, आणि बघत होते म्हणजे तिच्याकडेच. आंब्यावर बांडगूळ असेल तर तिकडेही नजर टाका. हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझबेल, बांडगुळावर अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या घोळक्यानं राहतात.

यात करंज, एरंड, तगर अशी भर नंतर घालत जा. करंजाच्या पालवीवर कॉमन बँडेड ऑलच्या अळ्या पानं गुंडाळून राहतात. एरंडावर कॉमन कॅस्टर. पण पहिल्या महिन्यात सहाच पुरेत.

दुसरी पायरी: खुणा वाचा

अळी शोधायची म्हणजे अळीच शोधायची असं नाही. पानाची कड गोलाईत कुरतडलेली आहे का? कुंडीच्या कडेवर, फरशीवर काळ्या-हिरव्या लेंड्या पडल्यात का? तगरीखाली मिरीएवढ्या मोठ्या लेंड्या दिसल्या, तर वर ओलिएंडर हॉक मॉथची जाडजूड हिरवी अळी बसलेली असण्याची शक्यता बरीच. मागे शेपटासारखं शिंग, पुढे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके. छेडलं की डोकं आत घेते आणि ते खोटे डोळे वटारते. कुरतडलेलं पान ताजं असेल, म्हणजे कड अजून हिरवी असेल, तर अळी जवळपास आहे. कड तपकिरी झाली असेल तर ती गेली, किंवा बुलबुलानं नेली.

एखाद्या छोट्या, चपट्या अळीभोवती मुंग्या गोळा झाल्या असतील तर लगेच हल्ला समजू नका. ब्लू नावाच्या छोट्या निळ्या फुलपाखरांच्या गटातल्या अनेक अळ्या गोड थेंब पाझरवतात, मुंग्या ते चाटतात आणि बदल्यात राखण करतात. मुंग्यांचाही फोटो घ्या, नोंदीचा तो भाग आहे.

अळीसारखं दिसणारं सगळंच फुलपाखराचं किंवा पतंगाचं नसतं. पोटाखालचे मऊ पाय मोजा. पाच जोड्यांपर्यंत असतील तर आपल्या कामाची. सहा किंवा जास्त असतील तर ती सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची.

तिसरी पायरी: वेळ आणि जागा

सकाळी आठ ते अकरा. थंड रात्रीनंतर फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा ती जवळ येऊ देतात. एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ही वेळ अजून आधी सरकवा. दुपारी बारानंतर तुम्हीही सावलीत जा, तीही जातात. संध्याकाळी दिवेलागणीला इव्हिनिंग ब्राउन बाहेर पडतं, तेवढा अपवाद.

फुलांपेक्षा मला ओली माती आवडते. आटत चाललेल्या ओढ्याची वाळू, गळक्या नळाखालचा चिखल, शेताच्या पाटाची कड. तिथं ब्लूबॉटल, एमिग्रंट, ग्रास यलो असे नर घोळक्यानं बसून मातीतले क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. सावली पाडू नका, उकिडवे बसा, आणि पुढे सरकायचं तर बसल्या बसल्याच सरका. मी पुण्यात वेताळ टेकडीवर जाते. तिथल्या गिरिपुष्पाच्या लागवडीत मला फारसं काही मिळत नाही, खाणीच्या पाण्याकडची बाजू मात्र मार्चमध्येही निराश करत नाही.

चौथी पायरी: फोटो

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख पटवायला पंखांची वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही लागतात. छोट्या निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत वरच्या बाजूवरून काहीच ठरत नाही, सगळं खालच्या ठिपक्यांवर असतं. आधी लांबून एक फोटो काढून ठेवा, मग जवळ जा. उडून गेलं तरी हाती काहीतरी असतं.

अळीचे चार फोटो हवेत: वरून, बाजूनं, डोक्याकडून, आणि झाडाचा. हा चौथा लोक विसरतात. झाडाचं पान, फांदीवर पानं कशी लागलीत ते, फूल किंवा फळ असेल तर तेही. अळीचं नाव पटकन सापडत नसेल तर निम्मं काम झाडाच्या नावानं होतं. माप कळावं म्हणून शेजारी पेन्सिलीचं टोक धरा.

पाचवी पायरी: नाव घाईनं देऊ नका

वसंतात एक जास्तीची अडचण असते. काही फुलपाखरांचं कोरड्या ऋतूतलं रूप पावसाळ्यातल्या रूपापेक्षा वेगळं दिसतं. इव्हिनिंग ब्राउन आणि बुशब्राउन यांच्या पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके आता जवळजवळ पुसून जातात आणि ती हुबेहूब वाळक्या पानासारखी होतात. पुस्तकातलं चित्र पावसाळी रूपाचं असेल तर तुम्ही दिवसभर शोधत बसाल.

दुसरी अडचण नकलाकारांची. प्लेन टायगर विषारी, म्हणून डॅनेड एगफ्लायची मादी त्याचं सोंग घेते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर, वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर डॅनेड एगफ्लाय. कॉमन मॉरमॉनची मादी तर कधी नरासारखी दिसते, कधी कॉमन रोजसारखी, कधी क्रिमझन रोजसारखी. मराठीत या फुलपाखराला बहुरूपी म्हणतात ते उगाच नाही. पंख बघू नका, अंग बघा: दोन्ही ‘रोज’ फुलपाखरांचं अंग लाल असतं, सोंग घेणारीचं काळं.

नावांबद्दल सांगायचं तर महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली आहेत. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन हे निलवंत. ही नावं जरूर वापरा, घरातल्या मुलांना तीच शिकवा. पण फिरणारे लोक एकमेकांत इंग्रजी नावंच बोलतात, तेव्हा वहीत दोन्ही लिहीत चला.

खात्री नसेल तर जातीपाशी अडून राहू नका. ‘ग्रास यलो, कुठलं ते माहीत नाही’ ही चांगली नोंद आहे.

रात्रीची पाळी: पतंग

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. तरी पतंग म्हटलं की आपल्याला संक्रांतच आठवते. विदर्भात गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पोसतात, तिथला कोसा म्हणजे पतंगाचाच कोष. कोशाचं कापड अंगावर मिरवलं असेल, पण तो पतंग बघितलेला माणूस विरळा.

ओळखायचं कसं? फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा टोकदार किंवा पिसांसारख्या. दिवसा उडणारेही पतंग आहेत, काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या आणि पोटावर केशरी पट्टे असलेला हँडमेडन हा त्यातला नेहमी भेटणारा. तेव्हा उजेडावर भरवसा ठेवू नका, मिशा बघा.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सकाळी साडेसहाला, झाडू फिरायच्या आत, जिन्यातल्या दिव्याखालच्या भिंती बघणं. फुकट आणि बसल्या जागी. पुढची पायरी म्हणजे पडदा: दोरीवर पांढरी चादर टांगा, तिच्यासमोर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा लावा, अतिनील दिवा मिळाला तर उत्तमच. पिवळ्या दिव्याला पतंग कमी येतात. साडेसात ते साडेदहा बसा. अमावास्येच्या आसपासची, उकाड्याची, वारा नसलेली रात्र निवडा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस होऊन गेल्यावरची रात्र तर सोडूच नका. दर अर्ध्या तासानं काय आलं ते लिहा, कारण प्रत्येक जातीची वेळ वेगळी. काम झालं की दिवा बंद करा, चादर झुडपावर हलकेच झटका. रात्रभर दिवा चालू ठेवलात तर पहाटे पाली आणि कोतवाल पक्षी मेजवानी झोडतील, आणि त्याचं पाप तुमच्या माथी.

सहावी पायरी: वही

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘१४ मार्च, सकाळी ८.४०. सोसायटीमागची भिंत. रुई, फुलं आहेत. प्लेन टायगर: अंडी ३, पानाखाली. अळ्या २, एक अंदाजे १ सेंमी, एक ४ सेंमी. मादी १, अंडी घालताना. ऊन, वारा नाही. फोटो ११. कढीलिंब: काही नाही.’

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. काही दिसलं नाही हेही लिहायचं. तसं न लिहिल्यानं माझी पहिली दोन वर्षं वाया गेली, कारण आता त्या वह्यांत मार्चमधला रिकामा आठवडा म्हणजे फुलपाखरं नव्हती, की मी गेलेच नव्हते, हे कळायला मार्ग नाही.

थोडा सराव झाला की एक ठरलेली वाट घ्या. ब्रिटनमध्ये १९७६पासून अशा ठरलेल्या वाटांवर फुलपाखरं मोजतात, पद्धत साधी आहे: एका संथ चालीनं जायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच चौकटीतलं मोजायचं, मागे वळून पाहायचं नाही. आठवड्यातून एकदा, तीच वाट, तीच वेळ. अर्धा किलोमीटरही चालेल.

वहीतलं पुढे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, मोबाइलवर चालतं. एका नोंदीत एकच जीव, त्याचे सगळे फोटो. तारीख फोटो काढल्याची, चढवल्याची नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली तारीख आणि जागा निघून जाते, म्हणून मूळ फोटोच वापरा. अंडं, अळी, कोष की प्रौढ, ते निवडायची सोय आहे, ती बहुतेक जण रिकामी सोडतात. घराची जागा जाहीर करायची नसेल तर ठिकाण धूसर ठेवता येतं. दुसऱ्यांनी दुजोरा दिला की नोंद अभ्यासाला वापरण्याच्या पातळीवर जाते. ओळखीसाठी बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया ही संकेतस्थळं उत्तम, तिथं अंड्या-अळ्यांचेही फोटो आहेत. एप्रिलअखेरीस सिटी नेचर चॅलेंज, म्हणजे शहराशहरांतली निसर्गनोंदींची चढाओढ असते, भारतातली बरीच शहरं त्यात असतात. चार दिवस ठरवून नोंदी करायचा सराव म्हणून भाग घ्या, आकड्यांच्या शर्यतीत मात्र पडू नका.

हात लावण्याआधी

केसाळ सुरवंटाला बोट लावू नका. शेवग्याच्या खोडावर पुंजक्यानं बसणारे घुले खाज आणतात हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतं, शहरातल्या मुलांना सांगावं लागतं. आंब्या-नारळावरची हिरवी, गोगलगायीसारखी चपटी अळी दिसायला गोजिरी, पण तिचे काटे चांगलेच झोंबतात. कुसळं टोचली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेली किंवा सूज वाढली तर दवाखाना.

अळी घरी आणून वाढवण्याचा मोह होईल. एखादी वाढवा, पण रोज ताजं, त्याच झाडाचं, न फवारलेलं पान द्यायची तयारी ठेवा. विकतचा कढीलिंब देऊ नका, माझी एक अळी एका दिवसात काळी पडून मेली ती त्यामुळेच असं मला वाटतं. सोसायटीत औषधफवारणी कधी आहे ते माळीकाकांना आधी विचारून ठेवा. आमच्याकडे एकदा मी सतरा अळ्या मोजून खूण केलेली रांग दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाली होती. तीही नोंद केली.

आणि कोषातून दर वेळी फुलपाखरूच निघेल असं नाही. गेल्या चैत्रात कढीलिंबावरचा एक कोष आठवडाभर सांभाळला. आईनं तेवढ्यासाठी फोडणीची पानं शेजाऱ्यांकडून मागून आणली. नवव्या दिवशी कोषाला बारीक भोक पडलं आणि एकामागून एक इवल्या गांधीलमाश्या बाहेर आल्या, तेवीस मोजल्या. आई म्हणाली, “एवढं करून हेच?” मी फोटो काढले, तारीख घातली, ‘लाइम, कोष, परजीवी’ असं लिहिलं. माझ्या सगळ्या नोंदींत अभ्यासकांनी आवर्जून विचारणा केली ती याच एका नोंदीची.